शेजारच्या घरावर आलेल्या आंबा-फणसाच्या फांद्या छाटायच्या आहेत, परवानगी कुठे मिळते?

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात आमचं जुनं घर आहे, मी असतो डोंबिवलीला. मागच्या गडग्याला लागून आजोबांच्या वेळचा एक रायवळ आंबा आणि एक फणस आहे. दोघांच्याही फांद्या शेजारच्या काकूंच्या कौलांवर गेल्यात. गेल्या जूनमध्ये एक फणस थेट पडवीवर आला, चार कौलं आणि एक रीप गेली. काकू रोज तिथेच तांदूळ निवडायला बसतात. त्या दिवशी न्हाणीत चूल पेटवायला गेल्या होत्या म्हणून वाचल्या.

मला जास्त धास्ती आहे ती आंब्याची. बांडगुळाने फांदीचा शेंडा वाळलाय आणि ती खोडातून फुटते तिथेच ढोली. कोयतीच्या मुठीने वाजवलं तर हातभर पोकळ आवाज येतो. याचाच जोडीदार 3 जून 2020 ला निसर्ग वादळात मुळासकट आडवा झाला, नशिबाने आमच्याच अंगणात.

आंबा आणि फणस दोन्ही 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत. म्हणजे झाड आपलं, जागा आपली, तरी परवानगी हवीच. एका कार्यालयात गेलो तर तिथले साहेब म्हणाले, "तोडायचं असेल तर अर्ज द्या. फांदीचा अर्ज आमच्याकडे येत नाही." ग्रामपंचायतीने परत त्यांच्याकडेच पाठवलं. वीजवाले तारेला लागणारी तेवढी डहाळी तोडून गडग्यावर टाकून गेले. लाकूडवाला मात्र न बोलावता दारात! "कागदाचं मी बघतो, दोन्ही झाडं देऊन टाका." तोडायला सगळे तयार, छाटायला कोणी नाही. या आंब्याच्या कैऱ्यांचं लोणचं अर्ध्या वाडीत जातं, काकूंच्या बरणीतसुद्धा. झाड जायला त्यांनाही नकोय. "वादळ काय परवानगी घेऊन येतंय का रे?" एवढंच विचारतात, आणि मी गप्प बसतो.

त्यात सातबारा सामायिक. दोन चुलतभाऊ सह्या देतील, पुण्याचा तिसरा फोनच उचलत नाही. त्याच्या सहीशिवाय अर्ज घेतात का? पावसाला जेमतेम पाच आठवडे आहेत. वाडीतल्यांचं म्हणणं, आधी राखणदाराला नारळ ठेवून गाऱ्हाणं घाला. ते घालूच. सरकारी गाऱ्हाणं कुठे घालायचं ते कोणी सांगेल का?

कातळावरचा:
ग्रामपंचायत हद्द ना? मग 1975 चा शहरी कायदा आणि वृक्ष प्राधिकरण विसरा, ते नगरपरिषदवाल्यांसाठी. आम्ही राजापुरात परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज दिला होता. नुसतं 'फांदी छाटणे' लिहू नका, 'घराला व जीविताला धोका' असं स्पष्ट लिहा. सोबत सातबारा, ढोलीचे आणि फुटक्या कौलांचे फोटो, काकूंचं पत्र. दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. आणि कौलांवर लटकणारे फणस आत्ताच दोर लावून उतरवा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. कुयरीची (कोवळ्या फणसाची) भाजी होईल.

धागाकर्ता:
आभार. काकूंना पत्राचं सांगितलं. म्हणाल्या, "देते लिहून, पण फांदीचंच लिहीन हां, झाडाचं नाही." तिसऱ्या भावाच्या सहीचं कोणाला ठाऊक असेल तर सांगा.