दुनियादारीनंतर काय वाचावं

ताई, तुम्ही विचारलंय ना की दुनियादारी वाचून झाली, आता रडारड नसलेली चांगली लव्हस्टोरी सांगा, तर माझं मत डोळे झाकून पु. शि. रेगेंची 'सावित्री'. १९६२ची आहे पण जुनी वाटत नाही, अगदी छोटी, जळगावहून गाडीत बसलात तर नाशिक येईपर्यंत होऊन जाईल. सगळी पत्रंच आहेत अन् तीपण फक्त सावित्रीची, ती ज्याला लिहिते त्याचं एकही उत्तर आपल्याला वाचायला मिळत नाही तरी तो माणूस पूर्ण दिसतो, हे कसं जमवलं असेल देव जाणे! मोराची गोष्ट आली की घाई करू नका, हळू वाचा.

सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' पण घ्या, भाऊ-बहीण एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात, आधी भावाची बाजू मग बहिणीची.

नवीन काय येतंय म्हणाल तर दिवाळी अंकांवर लक्ष ठेवा, प्रेमकथा तिथंच जास्त सापडतात. मला तर रावेर-यावलच्या केळीच्या बागांमधली, तिथल्या लेवा बोलीत भांडणारी अन् लाडात येणारी जोडी वाचायचीय, कोणी लिहीत असेल तर सांगा भो, पहिली कॉपी मी घेतो.