कोंबड्यांचं पान पुसू देऊ नका

तुमच्या लेकीने मे महिन्याच्या सुट्टीत भरलेल्या चित्रवहीचे फोटो दोनदा पाहिले. अंगणातल्या कोंबड्यांचं पान सगळ्यात आवडलं. एका पानावर अकरा कोंबड्या, धड पुरी एकही नाही; कुठे नुसती मान, कुठे माती उकरणारा पाय. 'अर्धवट राहिलं' म्हणून ती खट्टू झाली, असं तुम्ही लिहिलंय. अहो, हलत्या जिवाचं रेखाटन असंच होतं! दिसलं तेवढं पटकन कागदावर उतरवायचं.

कोळशाची चित्रं फिसकटली, ती बहुधा कागदामुळे. गुळगुळीत कागदावर कोळसा धरत नाही, जरा खरखरीत कार्ट्रिज पेपर आणा. छटेसाठी बोटाने घासू नये, घामातेलाचे डाग पडतात. त्यापेक्षा २बी, ६बी अशा मऊ, गडद पेन्सिलीच्या तिरक्या रेघा मारू दे.

पुढे चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसणार असेल तर स्मरणचित्राला, म्हणजे दिलेल्या विषयावर आठवणीतून चित्र काढायला, हीच वही कामी येईल. माझी भाची सुट्टीभर आठवडी बाजारात बसून माणसं काढायची. परीक्षेत बाजाराचाच विषय आला आणि उकिडवी बसलेली भाजीवाली तिच्या हाताला पाठ होती.