लग्नानंतरच्या करारनाम्यातील ‘स्वतंत्र सल्ला’ आणि ‘राजीखुशीने’

प्रश्न (परभणी) : माझी मावसबहीण आणि तिचे यजमान यांनी घर, शेत आणि दागिन्यांविषयी लग्नानंतरचा करारनामा करावा, असे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी ठरवले आहे. मसुदा यजमानांच्या ओळखीच्या वकिलांनी केला असून दोघांनी तो त्यांच्यापुढेच बसून ऐकला. शेवटी ‘उभयतांनी स्वतंत्र कायदेशीर सल्ला घेऊन हा लेख राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून दिला आहे’ असे वाक्य आहे. येथे ‘स्वतंत्र’ हा शब्द बसतो का?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर) : बसत नाही, आणि वकील कितीही सज्जन असले तरी बसत नाही. ‘स्वतंत्र’ हे येथे सल्ला देणाऱ्याचे विशेषण आहे. ज्याचे हित व्यवहारातील दुसऱ्या पक्षाशी बांधलेले नाही, जो पत्नीला यजमानांच्या गैरहजेरीत भेटतो, ती काय मिळवते आणि कोणता हक्क सोडते हे तिच्या बोलीत सांगतो आणि ‘सही करू नका’ असे म्हणायलाही मोकळा असतो, त्याचाच सल्ला स्वतंत्र म्हणता येईल.

‘राजीखुशीने’ हा शब्द आपल्याकडे खरेदीखतापासून फारकतीच्या कागदापर्यंत सर्वत्र दिसतो आणि दस्तलेखक तो सवयीने घालतात. कायद्याला मात्र मुक्त संमती हवी असते. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम १४ नुसार जबरदस्ती, गैरवाजवी प्रभाव, फसवणूक, चुकीचे निवेदन किंवा चूक यांमुळे दिलेली संमती मुक्त ठरत नाही. दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजवण्याच्या स्थितीतील व्यक्तीने केलेला सौदा उघडपणे अन्यायकारक दिसत असेल, तर गैरवाजवी प्रभाव नव्हता हे सिद्ध करण्याचा भार कलम १६ त्या व्यक्तीवरच टाकते. तेव्हा मसुद्यातले ते वाक्य फारसे कामी येत नाही.

प्रश्न (धाराशिव) : म्हणजे वेगळा वकील नसेल तर करारनामा रद्दच समजायचा का?

उत्तर : तसे नाही, ताई. नवरा-बायकोने वेगवेगळे वकील केलेच पाहिजेत असे करार अधिनियमात कोठेही लिहिलेले नाही. पडदानशीन, म्हणजे पडद्यात राहणाऱ्या, स्त्रीच्या दस्ताविषयी फरीद-उन-निसा विरुद्ध मुख्तार अहमद या १९२५ च्या निकालात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील लंडनच्या सर्वोच्च अपील न्यायसंस्थेने, स्वतंत्र सल्ला स्वतः अत्यावश्यक नाही, असेच म्हटले होते. सही ही जशी हाताची कृती असते तसा तो व्यवहार करणाऱ्याच्या मनाचीही कृती असला पाहिजे, हा त्या निकालाचा गाभा आहे. परंतु मनाने समजून घेतल्याचा पुरावा पुढे कोठून आणणार? घरातल्या माणसांची साक्ष दोन्हीकडे ओढली जाते. वेगळ्या वकिलाची साक्ष तशी ओढली जात नाही. म्हणून नियम नसला तरी गरज आहे, असे माझे ठाम मत आहे.

शिवाय असा वकील पहिल्याच बैठकीत सांगेल, की ‘पुढे कधीही पोटगी मागणार नाही’ हे कलम मसुद्यात असल्यास ते करार अधिनियमाच्या कलम २३ खाली सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरू शकते आणि न्यायालयांनी ते तसे ठरवलेही आहे. दुसऱ्या बाजूचा वकील हे आपणहून सांगेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

प्रश्न (परभणी) : वेगळ्या वकिलाची फी बहिणीने कोठून द्यावी?

उत्तर : विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते आणि कायदेविषयक सल्लाही त्या सेवेतच येतो. बहिणीने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. तालुक्याला विधी सेवा समिती असते. तोपर्यंत सही थांबवावी, आणि नंतर मसुद्यातले ते वाक्य काढून त्या जागी असे लिहावे : ‘पत्नीने स्वतः निवडलेल्या वकिलांनी पतीच्या गैरहजेरीत हा लेख तिला वाचून दाखवला व तिने सोडलेले हक्क समजावून सांगितले.’ खाली त्या वकिलांची सही आणि तारीख घ्यावी.