चहापत्तीच्या दुकानात भाजलेल्या कॉफीच्या बिया: ताज्या कशा ठेवायच्या? (सोलापूर)

पत्तीवाला:

नमस्कार. नवी पेठेजवळ आमचं चहापत्तीचं दुकान आहे. सुटी पत्ती, ममरी, डस्ट, थोडा मसाला चहा, एवढाच पसारा. अलीकडे भाजलेल्या कॉफीच्या बिया विचारणारं गिऱ्हाईक वाढलंय. त्यात पुण्या-बेंगळुरूच्या नोकऱ्या घरी बसून करणारी जुळे सोलापूर, होटगी रोडकडची पोरं आहेत. त्यांच्याकडे हाताने फिरवायचे ग्राइंडरसुद्धा असतात. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या फिल्टर कॉफी पिणारी कानडी घरं आहेत. त्यांच्यातलं कुणी बेंगळुरूला निघालं की पूड मागवली जाते. दसऱ्याला सुरुवात करू असं घरात ठरलंय.

अडलंय ते अण्णांपाशी. अण्णा म्हणजे वडील. त्यांचा हिशोब चहाचा आहे: ५० किलो एकदम उचलायची म्हणजे भाव पडतो, काउंटरवर काचेच्या बरण्या मांडायच्या, मागेल तेवढी तोलून द्यायची. कॉफीला हे चालत नाही एवढं मला ऐकून माहीत आहे. पण "का चालत नाही?" असं त्यांनी विचारलं की माझी गाडी थांबते. आणि कारण पटल्याशिवाय अण्णा एक डबासुद्धा जागचा हलवू देत नाहीत.

दुकानाची परिस्थिती सांगतो. तोंड पश्चिमेला, दुपारी तीननंतर ऊन थेट काउंटरवर. एसी नाही. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४४ अंश असतं ते तुम्हाला माहीत आहेच. शेजारी मसाल्याचं दुकान, आणि आमच्याकडेही वेलची-सुंठ असतेच.

चिकमगळूर भागातल्या एका पुरवठादाराशी बोलणं झालंय. तो म्हणतो, पाकिटावर एक वर्षाची मुदत आहे, काळजी करू नका. खरंच करू नये का? फ्रिज घ्यावा लागेल का? बिया विकाव्यात की दळून पूड? जे रोज हे करतात त्यांच्याकडून ऐकायचंय.

शेंगाचटणी:

काय बे, आता पत्तीवालेपण कॉफीकडं वळायलेत! अण्णांना आमचा नमस्कार सांगा. मला कॉफीतलं कळत नाही, पण दुकान निघालं की कळवा, आमच्या सूनबाई पहिलं गिऱ्हाईक.

भट्टीवरचा:

पुण्याजवळ छोटी रोस्टरी, म्हणजे कॉफी भाजण्याची भट्टी, चालवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अण्णांना कारण हवंय ना, तर कारणापासूनच सुरू करू.

पत्ती कारखान्यातून निघते तेव्हा तिच्यात ओलावा ३ टक्क्यांच्या आसपास असतो आणि तेल जवळजवळ नसतंच. तिला दमट हवा आणि परका वास सांभाळला की झालं. कॉफीच्या बीमध्ये तेल असतं. अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन मुख्य जाती; अरेबिकात ते १५ टक्क्यांच्या आसपास, रोबस्टात १० च्या. कच्ची, हिरवी बी सावलीत, कोरड्या जागी अनेक महिने छान राहते. पण ती २०० अंशांच्या पुढे भाजली की सच्छिद्र होते, ठिसूळ होते, आणि आतलं तेल हवेच्या हाती लागतं. पुढे शेंगदाण्याचं कूट खवट होतं तशीच गत. सोलापूरकरांना याहून जास्त सांगायला नको.

दुसरी गोष्ट वायूची. भाजताना बीमध्ये कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि नंतर कित्येक दिवस हळूहळू बाहेर पडत राहतो. सुरुवातीला भराभर, मग सावकाश. तो आत आहे तोवर ऑक्सिजनला फारसा शिरकाव मिळत नाही. तो निघून जाताना सुगंधही सोबत नेतो. म्हणून चांगल्या पाकिटाला एक बारीक व्हॉल्व्ह असतो: आतला वायू बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. व्हॉल्व्ह नसलेल्या पाकिटात ताजा माल बंद केला तर पाकीट फुगतं, कधी फाटतंही. ते टाळायला काही जण माल दोन-तीन दिवस उघडा ठेवून मग भरतात, म्हणजे चांगला वास भट्टीच्या खोलीत आणि उरलेला गिऱ्हाइकाला.

आता बरण्या. काच दिसायला सुंदर, पण तुमच्या काउंटरवर ऊन, उष्णता आणि दर वेळी झाकण उघडलं की नवी हवा, असं तिहेरी नुकसान आहे. अर्धी रिकामी बरणी तर सगळ्यात वाईट, कारण वरच्या अर्ध्या भागात हवाच असते. रासायनिक क्रियांचा एक ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की वेग दुपटीच्या आसपास जातो. म्हणजे २५ अंशांच्या खोलीत जी बी महिनाभर टिकेल, ती तुमच्या मे महिन्यातल्या काउंटरवर आठवडा-दहा दिवसांत बसेल.

मुदतीचं म्हणाल तर वर्षभरात ती बी विषारी होत नाही, एवढाच त्या छापील तारखेचा अर्थ. चव कधी उतरेल हे ती तारीख सांगत नाही. पुरवठादाराला एकच प्रश्न विचारा: भाजल्याची तारीख पाकिटावर टाकता का? पॅक केल्याची नको, भाजल्याची. जो टाकायला तयार नाही त्याच्याशी पुढचं बोलणं मी तरी केलं नसतं.

तुंगभद्रा:

+१. भाजल्याची तारीख नसेल तर घेऊ नये. मी घरी वापरते ती मध्यम भाजलेली बी साधारण आठव्या दिवसापासून महिन्यापर्यंत छान लागते. अगदी ताजी, दोन दिवसांची असेल तर पाणी ओतल्यावर एवढी फुगते की चव धड उतरत नाही. गडद भाजलेली लवकर तयार होते आणि लवकर उतरतेही, कारण तेल पृष्ठभागावर आलेलं असतं. बी चकचकीत दिसली म्हणजे ताजी असा आपल्याकडे समज आहे. तो सोडून द्या.

बाकी फ्रिजचं एवढं काय? मी फ्रिजमध्येच ठेवते, काही होत नाही.

भट्टीवरचा:

ताई, घरी तुम्ही डबा घट्ट लावत असाल, लवकर संपवतही असाल, म्हणून निभतंय. दुकानात फ्रिज दिवसातून वीस वेळा उघडणार. थंड बी बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं, आणि फ्रिजमधले वास ती ओढून घेते ते वेगळंच. फ्रिज नकोच. फ्रीझर मात्र उपयोगी आहे, तोही साठ्यासाठी: न फोडलेली छोटी पाकिटं तशीच आत ठेवायची, बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत फोडायची नाहीत, आणि एकदा फोडली की परत आत नाही. पण पत्तीवाल्यांना पहिल्या वर्षी फ्रीझरचीही गरज नाही. त्यांना कमी माल मागवण्याची गरज आहे.

विजापूरवेस:

मी इथलाच, आणि आमच्याकडे फिल्टर कॉफी आजीच्या आधीपासून. पुडीबद्दल सांगतो, कारण कानडी घरांचं गिऱ्हाईक पूडच मागणार, बी नाही.

बेंगळुरू-म्हैसूरकडची जुनी कॉफी-पुडीची दुकानं बघितलीत का? पूड तयार करून ठेवत नाहीत. गिऱ्हाईक सांगतं, पीबेरी (फळात दोनाऐवजी एकच धरलेली गोल बी) इतकी, रोबस्टा इतकी, चिकोरी (कॉफीत मिसळतात ती एका मुळाची भाजलेली पूड) इतकी. मग बी समोर दळतात आणि गरम पूड पुडीत घालून देतात. त्या दुकानाच्या दारात जो वास येतो ना, तीच त्यांची जाहिरात. दळली की बीचा पृष्ठभाग कैक पटींनी वाढतो आणि अडकलेला बराचसा वायू काही मिनिटांतच निघून जातो. आठवडाभर आधी दळलेली पूड कितीही भारी पाकिटात भरा, ती गोष्ट नाही. तेव्हा चांगला ग्राइंडर घ्या आणि मागणी आली की दळा. शंभर-दोनशे ग्रॅम घ्या, संपली की परत या, असं गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगा. लोक येतात परत.

चिकोरी वेगळ्या डब्यात, अगदी घट्ट झाकणाच्या. ती ओल फार पटकन धरते, ऑगस्ट-सप्टेंबरात तिचे गोळे होतात. दळलेल्या कॉफीत आधीच मिसळून ठेवली तर तिच्या नादाने सगळंच बिघडतं. आणि मिश्रण पाकिटात घालून विकणार असाल तर कॉफी किती टक्के, चिकोरी किती टक्के हे छापावंच लागतं. कॉफी ५१ टक्क्यांच्या खाली गेलेली चालत नाही. एफएसएसएआयचा परवाना क्रमांक, निव्वळ वजन, किंमत वगैरे पत्तीच्या पाकिटामुळे तुम्हाला माहीत असणारच.

अजून एक. मसाला चहाची वेलची ज्या ग्राइंडरमध्ये दळता त्यात कॉफी चुकूनही नको.

उगाच_शंका:

एक प्रश्न. दमट हवा वाईट म्हणता, मग ते मान्सून्ड मलबार कॉफीचं काय प्रकरण आहे? ते तर मुद्दाम पावसाळी हवेत ठेवतात म्हणे.

भट्टीवरचा:

रास्त शंका. ती कच्ची बी असते, भाजलेली नाही. पश्चिम किनाऱ्यावरच्या, मुख्यतः मंगळुरूकडच्या गोदामांत पावसाळ्यात ती पसरून ठेवतात, समुद्राकडची ओली हवा तिच्यावर खेळू देतात, मधूनमधून हलवतात. बी फुगते, पिवळसर पडते, आंबटपणा कमी होतो. एके काळी शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना महिनोन्‌महिने लागायचे आणि वाटेत बी आपोआप अशी व्हायची. त्या चवीची तिकडे सवय झाली. भाजल्यावर मात्र तिलाही बाकीच्या कॉफीचेच नियम. उलट ती जास्त सच्छिद्र, म्हणून जास्त जपावी लागते.

पत्तीवाला:

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री जेवताना अण्णांना पत्ती आणि बी यांच्यातल्या तेलाचं सांगितलं. शेंगदाण्याच्या कुटावर ते एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "बरं, मग किती आणायची ते सांग." आता तेच विचारतो. आमच्या अंदाजाने सुरुवातीला महिन्याला पंचवीसेक गिऱ्हाइकं पाव-पाव किलो नेतील.

भट्टीवरचा:

मग गणित तुम्हीच केलंय की. २५ गुणिले २५० ग्रॅम म्हणजे सव्वासहा किलो महिन्याला. ५० किलो आणलीत तर शेवटची बी आठ महिन्यांनी विकाल. भावात वाचलेले पैसे नंतर फेकलेल्या मालात जातील, आणि त्याहून वाईट म्हणजे आठव्या महिन्यातलं गिऱ्हाईक परत येणार नाही. एवढा एक हिशोब अण्णांपुढे कागदावर मांडा.

दर पंधरा दिवसांनी तीन किलो मागवा. पुरवठादार आठवड्यात कोणत्या वारी भाजतो ते विचारा आणि त्याच्या आदल्या दिवशी ऑर्डर द्या, म्हणजे तुमच्यासाठी भाजलेलाच माल येईल, कपाटातला नाही. पार्सल शनिवारी निघणार नाही असं बघा. रविवारभर पत्र्याच्या गोदामात पडून राहिलेला मे महिन्यातला डबा म्हणजे दुसरी भट्टीच. माल पाव किलोच्या व्हॉल्व्हवाल्या पाकिटांतच मागवा. आतून चकाकणारा थर असलेली पाकिटं, नुसता खाकी कागद नको. तुमच्याकडे फोडून तोलायचंच नाही. ग्राइंडरच्या हॉपरमध्येही (वरच्या बी ओतायच्या भांड्यात) त्या वेळेला लागेल तेवढीच बी, कारण तिथे तेलाचा थर बसतो आणि तो खवट झाला की ताज्या बीलाही वास लागतो. तो दर आठवड्याला पुसा.

प्रकारसुद्धा दोनच ठेवा. एक मध्यम भाजलेली अरेबिका पोरांसाठी, एक फिल्टरचं मिश्रण. सहा बरण्या, सहा नावं मांडलीत की सहाही शिळ्या होणार.

तुंगभद्रा:

फ्रीझरचं पटलं, करून बघते. पत्तीवाले, पाकिटं काउंटरवर नको, मागच्या भिंतीच्या लाकडी कपाटात ठेवा, वेलचीपासून लांब. आणि नवी खेप आली की जुनी पुढे, नवी मागे. चहाला करत असालच.

पत्तीवाला:

करतो. अण्णांचं एकच म्हणणं उरलंय, की बरणी दिसल्याशिवाय गिऱ्हाईक आत येत नाही. आणि माझा प्रश्न: महिना उलटून गेलेली दोन-चार पाकिटं राहिलीच तर त्यांचं काय करायचं?

विजापूरवेस:

अण्णांचं खरं आहे. एक बरणी ठेवा की, फक्त दाखवायला. त्यातली बी विकायची नाही, तसं चिठ्ठीवर लिहून टाका.

भट्टीवरचा:

दीड महिन्यापर्यंतची पाकिटं तारीख दाखवून कमी भावात द्या, कोल्ड कॉफीसाठी घ्या असं सांगून. दूध, साखर, बर्फ पडला की फरक फारसा जाणवत नाही, आणि तुमच्याकडे उन्हाळ्यात कोल्ड कॉफीला तोटा नाही. त्यापुढचं विकू नका, घरी वापरा. आणि दर वेळी उरतच असतील तर पुढची ऑर्डर तीनची दोन किलो करा.