व्योमकेश बक्षी: आधी कथा वाचाव्यात की मालिका पाहावी?

रातवाचक
दूरदर्शनवरची १९९३ची मालिका (दिग्दर्शक बासू चॅटर्जी, गुप्तहेर व्योमकेशच्या भूमिकेत रजित कपूर) पाहिलेली नाही आणि शरदिंदु बंद्योपाध्यायांच्या मूळ बंगाली कथाही वाचलेल्या नाहीत. दोन्ही करायचं आहे. कोणती कथा आधी वाचावी आणि कोणती आधी पाहिली तरी चालेल? खुनी कोण ते कृपया फोडू नका.

मेसमधली खोली
‘सत्यान्वेषी’ आधी वाचाच, यात तडजोड नको. कलकत्त्यातल्या एका मेसमध्ये (म्हणजे राहण्या-जेवणाची सोय असलेल्या भाड्याच्या घरात) व्योमकेशचा पुढे मित्र होणारा अजित राहतो आणि सगळं तोच सांगतो. त्याला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला कळतं. व्योमकेश पहिल्यांदा समोर येतो त्यात एक गंमत आहे. ती कागदावर टिकते, पडद्यावर टिकणं अशक्य, कारण रजित कपूरचा चेहरा ओळखीचा असतो आणि मालिकेचं नावच व्योमकेश! यात दिग्दर्शकाचा दोष नाही. शब्दाला चेहरा नसतो, एवढंच.
शरदिंदूंनी आधी ‘पथेर काँटा’ लिहिली होती, ‘सत्यान्वेषी’ नंतरची. तरी वाचताना क्रम उलटा ठेवा; ओळख तिथेच होते.

पिनटोक
‘पथेर काँटा’ (मालिकेत ‘रास्ते का काँटा’) हीसुद्धा आधी वाचा. भर रस्त्यात माणूस कोसळतो, छातीत ग्रामोफोनची पिन घुसलेली, आणि बंदुकीचा आवाज कुणीच ऐकलेला नाही. ती पिन मारली कशी, याचा धागा लेखकाने साध्या वाक्यात सहज टाकलेला आहे; डोळा त्यावरून घसरून पुढे जातो. पडद्यावर वस्तू दाखवावीच लागते, आणि कॅमेरा तिच्यावर अर्धा क्षण जास्त थांबला तरी सराईत प्रेक्षक सावध होतो.
‘मकडी का रस’चंही तेच. म्हातारा खोलीतच बसून लिहीत असतो, त्याच्यावर घरच्यांचा पहारा, तरी नशेचा रस त्याच्यापर्यंत पोचतो. खोलीतल्या वस्तूंचं वर्णन सावकाश वाचा. उत्तर तिथेच आहे.

दुर्गवाट
वरच्या दोघांशी सहमत, पण मोठ्या कथांना हा नियम लावू नका. मालिकेच्या एका भागात १९३०च्या दशकातल्या छोट्या कथा नेमक्या बसतात. ‘दुर्गरहस्य’ मात्र लघुकादंबरीएवढी. मालिकेने ती ‘किले का रहस्य’ म्हणून दोन भागांत केली, तरी घरातली नाती आणि जुन्या खजिन्याचा इतिहास आटोपता घ्यावा लागतोच. म्हणून ही आधी पाहा. माणसांचे चेहरे डोक्यात बसले की पुस्तकातली नावं गोंधळात टाकत नाहीत.
‘अर्थमनर्थम्’ (‘वसीयत’) मात्र ‘चित्रचोर’च्या आधी हवी. सत्यवती तिथे भेटते, आणि ‘चित्रचोर’मध्ये ती व्योमकेशची बायको आहे. मधल्या काळात लेखक मुंबईत सिनेमासाठी लिहीत होते. सुमारे पंधरा वर्षं व्योमकेश बंदच होता, १९५१ला ‘चित्रचोर’ने परत आला. पुढच्या कथांत संसार, नवरा-बायकोची नोकझोक वाढते. मालिकेत सत्यवती सुकन्या कुलकर्णींनी केली आहे आणि अजित के. के. रैनांनी. ही दोघं नसती तर रजित कपूरचा शांतपणा कोरडा वाटला असता, असं माझं ठाम मत.

घाटमाथा
एक राहिलीच: ‘शैलरहस्य’. महाबळेश्वरचं सह्याद्री हॉटेल, ऐन थंडी, हंगाम नसल्यामुळे सगळं सुनं. शरदिंदु पुढे पुण्यात स्थायिक झाले होते, तो गारठा कथेत जाणवतो. इथे अजित सोबत नाही. व्योमकेश स्वतः त्याला पत्रं लिहितो, आणि भुताखेतांवर विश्वास नसलेला हा माणूस त्या हॉटेलात कसा अस्वस्थ होतो ते त्याच्याच शब्दांत येतं. ही फक्त वाचाच, तीही निदान आठ-दहा कथा झाल्यावर. अजितच्या निवेदनाची सवय लागलेली असली तरच तो मधे नसल्याचं जाणवतं.

रातवाचक
म्हणजे ‘सत्यान्वेषी’, ‘पथेर काँटा’, ‘मकडी’, ‘अर्थमनर्थम्’ आधी कागदावर, मग त्यांचे भाग. किल्ल्याची कथा आधी पडद्यावर. आज रात्री ‘सत्यान्वेषी’ घेतो.