एकच अवकाळी, एकच कर्ज, मग नैराश्य एकालाच का?

द्राक्षपट्टा_तासगाव: ऐन काढणीत अवकाळी होतो, मणी तडकतात. शेजारशेजारच्या दोन बागांचं नुकसान सारखंच, सोसायटीचं कर्जही सारखंच. एकजण सावरून एप्रिलच्या खरड छाटणीला लागतो, दुसरा बागेकडं फिरकतही नाही. गाव म्हणतं, 'मनानं हळवा'. खरं कारण काय? आणि वडिलांना असेल तर मुलाला होतंच का?

मानस_मिरज: 'हळवा' हा शब्द आधी सोडा, त्यानंच माणूस दवाखान्यापर्यंत पोचत नाही. मुलाला होतंच असं नाही. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांत हा आजार असेल तर धोका दोन-तीन पट वाढतो. जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा ३५ ते ४० टक्क्यांच्या आसपास निघतो. बाकीचं आयुष्यातून येतं: लहानपणीची मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातलं दारूचं व्यसन. असं बालपण गेलेल्याचं शरीर पुढं ताणाला लवकर आणि जास्त वेळ प्रतिसाद देत राहतं. बायकांमध्ये प्रमाण जवळपास दुप्पट, त्यात बाळंतपणानंतरचे महिने जपायचे. एकदा येऊन गेलेल्यांपैकी निम्म्यांना पुन्हा येतो. सारख्या नुकसानीतही एकाला रात्री मोकळं बोलायला कुणी असतं, दुसऱ्याला नसतं, हा फरक मोठा आहे.

औषधवाला_विटा: शरीराकडंही बघा, त्यातूनही नैराश्य येऊ शकतं: थायरॉईड कमी असणं, बी-१२ ची कमतरता, मधुमेह, पक्षाघात, दम्यासाठी घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या (या स्वतःहून एकदम बंद करू नका). टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घ्या. झोपेसाठी रोज क्वार्टर घेणाऱ्याला डोळा लागतो खरा, पण पहाटे तीनला जाग येते आणि मन आणखी खचतं.

द्राक्षपट्टा_तासगाव: नुसतं दुःख आणि आजार, वेगळे ओळखायचे कसे?

मानस_मिरज: दोन आठवडे, जवळपास रोज, दिवसातला बराच वेळ उदासी किंवा कशातच रस नाही. जोडीला झोप, भूक बिघडते, समोरचा चहा निवला तरी हात लागत नाही. पीएचक्यू-९ ही नैराश्य ओळखायची प्रश्नावली, तिच्यात नऊ प्रश्न, जास्तीत जास्त २७ गुण. १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांकडं न्या. नववा प्रश्न जीव देण्याच्या विचारांचा. त्याचं उत्तर 'हो' असेल तर एकूण गुण कितीही असोत, त्याच दिवशी न्या. असं विचारल्यानं विचार डोक्यात घातला जात नाही, तेव्हा सरळ विचारा. फवारणीची औषधं कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडं द्या. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

औषधवाला_विटा: नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. बरं वाटल्यावरही किमान सहा महिने चालू ठेवायच्या. पुष्कळजण दुसरं पाकीट न्यायलाच येत नाहीत, आणि आजार उलटतो.