आरोग्य व वैद्यकीय कायद्यातील पदव्युत्तर अभ्यास : कायद्याची पदवी नसलेल्या डॉक्टरला झेपेल का?

रातपाळी (प्रश्न)
मी भूलतज्ज्ञ आहे. एका खटल्यात मला साक्षीसाठी बोलावण्यात आले होते. औषधाच्या मात्रेवर उलटतपासणी होईल अशा तयारीने मी गेलो. पण संमतीपत्रावरील सही 8.52 ची आणि गुंगीच्या इंजेक्शनची नोंद 8.40 ची कशी, एवढेच वकील फिरून फिरून विचारत राहिले. तेव्हापासून हा विषय पद्धतशीर शिकावा असे मनाने घेतले आहे. अभ्यासक्रमात नेमके काय असते, आणि कायद्याची पार्श्वभूमी नसताना निकालपत्रे वाचणे जमते का?

जुनी फाइल
वकिलांचा प्रश्न औषधाबद्दलच होता, डॉक्टर. गुंगीत असलेल्या माणसाला संमती देण्याची क्षमता उरते का, हे त्यांना त्या बारा मिनिटांतून काढायचे होते. प्रवेशापुरते सांगायचे तर एलएलएम या कायद्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी बहुधा कायद्याची पदवी मागतात, मात्र काही विद्यापीठांत हाच विषय एमए किंवा पदविका म्हणून इतरांनाही घेता येतो.

अभ्यासाचा गाभा मात्र निष्काळजीपणा आणि संमती हाच. 1957 च्या बोलम खटल्यात इंग्लंडमधील न्यायालयाने असे सूत्र घातले की, त्या शाखेतील जबाबदार डॉक्टरांचा एखादा गट ज्या पद्धतीला योग्य मानतो, तिच्यानुसार वागलेला डॉक्टर निष्काळजी ठरत नाही. पुढे 1997 मध्ये बोलिथो खटल्यात, तज्ज्ञांचे मत तर्काच्या कसोटीलाही उतरले पाहिजे, अशी पुस्ती जोडली गेली. धोका सांगण्याच्या बाबतीत तर 2015 च्या मॉन्टगोमेरी निकालाने मोजपट्टीच बदलली. मधुमेही मातेच्या प्रसूतीत बाळाचा खांदा अडकण्याची शक्यता नऊ ते दहा टक्के असूनही तिला ते सांगितले गेले नव्हते. इतर डॉक्टर काय सांगतात यापेक्षा त्या परिस्थितीतील रुग्णाला काय महत्त्वाचे वाटेल हे पाहावे, असे न्यायालय म्हणाले. याउलट भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात, किती माहिती द्यायची याचे माप बरेचसे वैद्यकीय प्रघातावरच ठेवले. परंतु तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीचे गर्भाशय तिच्या आईच्या संमतीने काढणे मात्र त्याच निकालात अवैध ठरवले. एकाच प्रश्नाची ही दोन उत्तरे शेजारी ठेवून वाचणे, हाच या अभ्यासातला खरा आनंद आहे.

दोन पदव्या
मी स्वतः डॉक्टर असून हा अभ्यास पूर्ण केला आहे. निकालपत्रे वाचता येतात. अवघड जाते ते लिहिणे. माझा पहिला निबंध 'निदान बरोबर, उत्तर चूक' अशा शेऱ्यासह परत आला, कारण रुग्णाच्या बाबतीत काय चुकले ते मी चार पाने लिहिले होते आणि कर्तव्य, त्याचा भंग व त्या भंगामुळेच झालेली हानी ही साखळी कोठेच जोडली नव्हती. कार्यकारणभावाचे प्रकरण आधी वाचावे. डॉक्टर मंडळी तेथेच अडखळतात, कारण न्यायालयाप्रमाणे 'शक्यता अधिक' एवढ्यावर निर्णय मानण्याची आपल्याला सवय नसते.

काठावरचा
थोडा विरोधी सूर लावतो. केवळ खटल्यांपासून बचाव एवढाच हेतू असेल, तर पदव्युत्तर पदवीची गरज नाही. नोंदी वेळच्या वेळी आणि खऱ्या लिहिण्याची शिस्त पुरे. आरोग्य कायदा त्याहून पुष्कळ मोठा आहे. साथीच्या काळातील सक्तीचे विलगीकरण, रुग्णाच्या माहितीची गोपनीयता, अवयवदान, तसेच 1947 ची न्यूरेंबर्ग संहिता व 1964 चे हेलसिंकी घोषणापत्र यांच्यापासून आलेले मानवी प्रयोगांवरील निर्बंध, यांत रस नसेल तर वर्ष कंटाळवाणे जाईल.

रातपाळी
सर्वांचा आभारी आहे. 'काठावरचा' यांच्या मुद्द्याला प्रामाणिक उत्तर द्यायचे तर सुरुवात बचावापासूनच झाली होती. गोपनीयता आणि मानवी प्रयोग यांकडे मात्र आता ओढ वाटते. सध्या अर्ज बाजूला ठेवून समीरा कोहली निकाल मूळ स्वरूपात वाचायला घेतला आहे. भूल आमच्याच शाखेची असल्याने, त्या वेळी टेबलाच्या डोक्याशी मी उभा असतो तर काय बोललो असतो, हा प्रश्न पानापानाला पडतो आहे.